पत्ता बदलल्याबाबत

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढल्यावर माझं आत्म्याबद्दल एक ठाम मत झालं आहे. आत्मा अमर असेल, एका देहातून दुसऱ्या देहात जात असेल. पण जाताना त्याला पत्त्याचा पुरावा लागतोच. निदान आमच्या शाखेत तरी लागतो.

शाखा कुठली ते सांगत नाही. वर्धा जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. तिथं एका मंगळवारी पन्नाशीचा एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जुनं खातं बंद पडलं होतं, ते चालू करायचं होतं. बरीच वर्षं हात न लावलेल्या खात्याला आमच्या भाषेत ‘निष्क्रिय’ म्हणतात. माणसांना मात्र म्हणत नाहीत, नाहीतर अर्ध्या स्टाफचा पगार थांबला असता. मी त्याला अर्ज दिला. त्यात एक रकाना असतो : ‘खाते निष्क्रिय राहण्याचे कारण’. लोक तिथं ‘परगावी होतो’ लिहितात, ‘आजारी होतो’ लिहितात. एका मास्तरांनी ‘विस्मरण’ असं शुद्ध मराठीत लिहिलं होतं. या गृहस्थानं पेन मागून घेतलं, डोळे बारीक करून रकाना वाचला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘खून’.

त्याच्यामागं अकरा माणसांची रांग होती. मॅनेजरसाहेब स्वतः येऊन ओरडले तरी जी रांग हलत नाही, ती क्षणात शेजारच्या खिडकीला जाऊन लागली.

“भाऊ,” मी म्हटलं, “असं नाही लिहिता येत.”

“काऊन? कारण इचारलं नं?”

“परगावी होतो, असं लिहा.”

“खोटं लिहू का मंग?” तो म्हणाला. “चौदा वर्ष नागपूरच्या जेलात होतो. आता खोटं बोलाचं नाई ठरवलं हाये.”

सचोटीच्या माणसानं बँकेची जेवढी पंचाईत होते तेवढी लबाडानं होत नाही. लबाडाचे कागद नेहमी पूर्ण असतात. शेवटी मीच ‘परगावी’ लिहिलं आणि त्यानं नाइलाजानं सही केली. म्हणजे एका खुन्याला सुधारलेल्या अवस्थेत पहिली खोटी सही करायला लावण्याचा मान माझ्याकडं जातो. खात्यात चारशेबारा रुपये होते. दहा वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून ते नियमाप्रमाणं रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेले होते. ते परत मागवायला आणखी एक अर्ज लागतो. तो आत गेला आणि त्याचे पैसे मुंबईला गेले.

त्या दिवसापासून मला ही खोड लागली. माणूस आपला जुना पत्ता खरोखर बदलू शकतो का? मी स्वतः सातवीत असताना एका वाडीतले चार पेरू चोरले होते. त्यातले दोन कच्चे निघाले. पुढं मी बी. कॉम. झालो, बँकेत लागलो, दोन मुलांचा बाप झालो, शेहेचाळिशी गाठली, पण माझ्या गावी आजही “कोण आलं?” याचं उत्तर “पेरूवाला आला” असंच येतं. चार पेरूंची ही कथा, तर चार माणसं मारलेल्याचं काय होत असेल?

गंमत अशी, की या प्रश्नाचा अभ्यास करायला आमच्या जिल्ह्याइतकी उत्तम जागा नाही. एरवी गुन्हेगारीत आम्ही अगदीच सामान्य. गांधीजींचा जिल्हा म्हणून गेली पन्नास वर्षं इथं दारूबंदी आहे, त्यामुळं आमचा बहुतेक गुन्हेगार बाटलीभोवतीच फिरतो. दरवर्षी धंदा सोडतो, दरवर्षी हातभट्टी लागते. पण वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की आठेक किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार लागतं. आणि हिंदुस्थानातल्या सगळ्यात नामचीन डाकूंनी आपला पत्ता बदलण्यासाठी जो पहिला अर्ज केला, तो याच पवनारच्या म्हाताऱ्याकडं.

विनोबा पवनारला आले १९३८ साली. स्वतः सराईत कैदी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. १९४० च्या ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रहातले पहिले सत्याग्रही म्हणून पवनारलाच भाषण करून ते पुन्हा आत गेले. तुरुंगाचा एवढा अनुभव असलेला माणूस डाकूंशी बोलायला लायक नाही, असं कोण म्हणेल? १९५१ पासून भूदानासाठी ते देशभर पायी हिंडत होते. या हिंडण्यात १९६० च्या मे महिन्यात ते चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मोरेन्यात शिरले.

निमित्त एका पत्राचं. मानसिंग नावाचा चंबळचा मोठा डाकू १९५५ साली पोलिसांच्या गोळीनं मेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. (डाकूनं मुलाचं नाव तहसीलदार ठेवावं याचं मला फार कौतुक वाटतं. मध्यमवर्गीय बापाची स्वप्नं सगळीकडं सारखीच.) त्यानं विनोबांना पत्र लिहिलं, की मरण्याआधी तुमचं दर्शन घडावं. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना त्याच्याकडं पाठवलं. निरोप खोऱ्यात पोचला, आणि त्या मे महिन्यात वीस डाकूंनी विनोबांपुढं येऊन बंदुका खाली ठेवल्या. त्यात लुक्का होता. कागदोपत्री लोकमन दीक्षित. मानसिंगाच्या टोळीचा राहिलेला कारभार त्याच्याकडं होता. दुर्बीण लावलेल्या परदेशी रायफली एका लंगोटीवाल्या माणसाच्या पायाशी ठेवल्या गेल्या. त्या बंदुकांच्या किमतीत तेव्हा आमच्याकडं चांगली दहा एकर कपाशीची जमीन आली असती, आणि विनोबांनी तीही दान मागितली असती.

आता इथं आपल्याला वाटतं, की सगळे खूश झाले असतील. एक माणूस अजिबात खूश नव्हता. मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी. हेही आपलेच. कामठीचा जन्म, नागपूरचं शिक्षण. म्हणजे डाकूंना माफ करणारा माणूस पवनारचा आणि पकडणारा कामठीचा. दोन्ही गावांत शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही. चंबळचा प्रश्न वैदर्भी माणसांनी आपसांत वाटून घेतला होता. रुस्तमजींच्या पोलिसांनी आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९५९ मध्ये, गब्बरसिंगाला मारलं होतं. ‘शोले’तल्या गब्बरचं नाव ज्याच्यावरून आलं तो हा खरा गब्बर. लोकांची नाकं कापायचा. त्याची टोळी संपली ती पंडित नेहरूंच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आणि ती बातमी नेहरूंना वाढदिवसाची भेट म्हणून कळवण्यात आली. असल्या माणसाशी झुंजलेल्या पोलिसांनी, हार घालून घेणाऱ्या डाकूंकडं बघून टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षा जरा जास्तच होती. रुस्तमजींचं म्हणणं सरळ होतं : यानं डाकू मोठा होतो आणि पोलीस खचतो.

मी हा वाद बराच काळ विनोबांच्या बाजूनं वाचत होतो. वर्ध्याचा माणूस दुसऱ्या बाजूनं वाचेल कसा? पण मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात, की एकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात दिसली पाहिजे. डाकूचं पाप वजा झालं. ते गेलं कुठं? ज्याचं नाक गेलं त्याच्या खात्यात काय जमा झालं? रुस्तमजी हाच प्रश्न खाकी भाषेत विचारत होते. एवढं मात्र मान्य केलं पाहिजे, की विनोबांनी कोणाची शिक्षा माफ करून दिली नव्हती. शरण आलेल्यांवर रीतसर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या, काही सुटले. तहसीलदारसिंगाची फाशी राष्ट्रपतींनी जन्मठेपेवर आणली.

मग अकरा वर्षं गेली. ऑक्टोबर १९७० मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कुठं जायचं नाही. आमच्याकडं बदलीची ऑर्डर आली की बरेच जण असा संन्यास घेतात, पण तो मंजूर होत नाही. अशा वेळी चंबळचा माधोसिंग डाकू पवनारला निरोप पाठवतो, की आम्हांलाही यायचं आहे. विनोबा म्हणाले, मी आता कुठं येत नाही, जयप्रकाशांना विचारा. म्हणजे ‘संबंधित शाखेशी संपर्क साधावा’. ही पद्धत फक्त बँकांची आहे, असा माझा गैरसमज त्या दिवशी दूर झाला.

१९७१ च्या ऑक्टोबरात पाटण्याला जयप्रकाशांच्या दारात एक धिप्पाड गृहस्थ उभा राहिला. नाव रामसिंग, धंदा ठेकेदारी, मुक्काम चंबळ. डाकूंच्या वतीनं बोलायला आलोय म्हणाला. जयप्रकाशांनी नकार दिला. तब्येत बरी नव्हती, डोक्यात बांगलादेशचा प्रश्न होता. ठेकेदार काही उठेना. शेवटी कळलं, की हा रामसिंग म्हणजेच माधोसिंग. डोक्यावर दीड लाखाचं बक्षीस घेऊन हा माणूस रेल्वेत बसून चांगलं वागण्याची परवानगी मागायला आला होता. आणि सभ्य दिसण्यासाठी त्यानं काय वेष घ्यावा? ठेकेदाराचा! डाकूपेक्षा ठेकेदार बरा, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आमच्या लोन सेक्शनला हे सांगितलं तेव्हा तिथले साहेब बराच वेळ गप्प होते.

जयप्रकाशांनी काम हाती घेतलं. निरोप घेऊन खोऱ्यात हिंडले कोण, तर तहसीलदारसिंग आणि लुक्का. जुने कर्जदार नव्या कर्जदारांना परतफेडीचं समजावून सांगायला निघाले. सरकारशी बोलणी झाली. फाशी होणार नाही, एवढा शब्द मिळाला. जौऱ्याजवळ पगारा गावाभोवती पोलिसांनी यायचं नाही असं ठरलं, आणि एरवी एकमेकांना गोळ्या घालणाऱ्या टोळ्या तिथं शेजारी शेजारी राहिल्या. १४ एप्रिल १९७२ रोजी मोरेना जिल्ह्यातल्या जौरा इथल्या आश्रमात गांधीजींच्या तसबिरीपुढं माधोसिंग, मोहरसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रं ठेवली. मोहरसिंगावर दोन लाख होते. पुढच्या काही आठवड्यांत हा आकडा शेकड्यांवर गेला. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. पण वडिलांच्या तोंडून ऐकली ती अशी, की त्या दिवशी आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर रेडिओ ऐकून एक पाकीटमार रडला. नंतर टपरीवाल्याचा गल्ला कमी भरला, ते वेगळं.

शिक्षा भोगायला मुंगावलीला बिनभिंतीचा तुरुंग निघाला. ही कल्पना मात्र आपण आधीच करून बसलो होतो. आटपाडीजवळ १९३९ साली औंध संस्थानात स्वतंत्रपूर वसलं होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारवाले. त्यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या म्हणण्यावरून खुनाच्या कैद्यांना बेड्या काढून शेतीवर सोडलं. त्यावरूनच आटपाडी भागातल्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. हिशेब चोख आहे : सहा कैदी, बारा हात, जेलर एक, डोळे दोन. मराठी माणसाचा सिनेमा असल्यामुळं बेरीज जुळते.

तर पुढं या मंडळींचं काय झालं? माधोसिंग शिक्षा भोगून बाहेर आला आणि जादूगार झाला. खरोखरचा. जादूचे प्रयोग करत हिंडायचा. ज्यानं आयुष्यभर लोकांच्या तिजोऱ्या गायब केल्या त्यानं पुढं तिकीट लावून रुमाल गायब केला, यापेक्षा मोठं सुधारणेचं प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही. मोहरसिंगानं ‘चंबल के डाकू’ या १९८२ च्या चित्रपटात काम केलं, मेहगावला नगराध्यक्ष झाला, आणि मे २०२० मध्ये म्हातारा होऊन अंथरुणावर मेला. नगराध्यक्ष झाला याला सुधारणा म्हणावी की पीछेहाट, हे ज्याच्या त्याच्या गावच्या नगरपालिकेवर अवलंबून आहे.

पण सगळ्यांचं असं गोड झालं नाही. फूलनदेवी १९८३ साली शरण आली, १९९६ साली खासदार झाली आणि २००१ च्या जुलैत दिल्लीत आपल्याच बंगल्याच्या दारात गोळ्या खाऊन मेली. तिच्या नावाशी जोडलेल्या बेहमईच्या हत्याकांडात १९८१ साली वीस माणसं गेली. त्या खटल्याचा निकाल लागला फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि एका आरोपीला जन्मठेप झाली. बाकीचे बहुतेक तोवर वरच्या कोर्टात गेले होते. पत्ता बदलल्याची नोंद सरकारनं केली, संसदेनं केली. जुन्या पत्त्यावरची पत्रं येतच राहिली.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात तर हा कारभार फारच सुटसुटीत होता. १८०९ साली अमीरखान पठाण भोसल्यांच्या मुलखावर चालून आला. पेंढाऱ्यांचा आश्रयदाता. त्याला इंग्रजांनी १८१७ साली तह करून टोंकचा नवाब केला. करीमखान पेंढारी १८१८ साली शरण आला, त्याला गोरखपूरकडं जमीन देऊन शेतकरी केला. वासिल महंमद गाझीपूरला नजरकैदेत विष घेऊन मेला. चितू काही कोणाला शरण जाईना. आमच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांबरोबर जंगलात हिंडला आणि १८१९ साली अशीरगडच्या बाजूला त्याला वाघानं खाल्लं. चौघांचा धंदा एकच. एक नवाब, एक शेतकरी, एकानं विष घेतलं, एक वाघाच्या पोटात. वाघानं मागील पत्ता विचारला नाही. विचारपूस न करता आत घेणारी ती बहुधा शेवटची संस्था.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या त्या खातेदाराकडं जरा अभ्यासू नजरेनं बघू लागलो. तुरुंगात तो सुतारकी शिकला होता. आता बहिणीच्या गावी दारं-खिडक्या करायचा. दर महिन्याच्या पाच-सात तारखेला यायचा. स्वतःच्या खात्यात थोडे भरायचा आणि दुसऱ्या एका खात्यात पाचशे. ते खातं एका बाईचं, आमच्याच शाखेतलं. स्लिपवर ‘पैसे भरणाऱ्याचे नाव’ हा रकाना तो कोरा ठेवायचा.

“नाव लिहा, भाऊ.”

“लिहिलं त तिले दिसन का?”

“पासबुकात नाही दिसत. नुसतं कॅश येतं.”

“मंग लिहितो.”

आमचा शिपाई म्हणजे गावाचा चालता लेजर. मी काही विचारायच्या आत त्यानं मला खातं उलगडून दाखवलं. “तिच्याच नवऱ्याले मारला नं यानं, सायेब. चुलतभाऊ व्हय त्याचा. धुऱ्यावरून. एक फूट धुरा होता.” एक फूट. मी उगाच मनात हिशेब केला. एक फूट रुंद आणि शेताएवढा लांब, म्हणजे जेमतेम गुंठा, दीड गुंठा. त्याचे चौदा वर्षं, आणि तिचं अख्खं आयुष्य.

बँकेची गुप्तता नावाची एक गोष्ट असते. तिच्यामुळं मी तिला काही सांगू शकत नव्हतो, आणि त्याच गुप्ततेमुळं तिनं विचारू नये अशी मनातून प्रार्थना करत होतो. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? नियमाप्रमाणं खातेदाराला आपल्या खात्यात कोणी पैसे भरले ते जाणण्याचा हक्क आहे. मग ती म्हणाली असती, की परत करा. परत करायलाही एक अर्ज लागतो, आणि त्यातही कारणाचा रकाना आहे. दीड वर्ष ती यायची, पासबुक छापून घ्यायची, ओळीवरून बोट फिरवायची, विड्रॉलवर अंगठा उमटवायची आणि पैसे घेऊन जायची. एकदाही तिनं विचारलं नाही. मी समजलो, की लेकाचे किंवा पगारी जावयाचे पैसे समजत असेल. दोघंही नव्हते, हे शिपायानं नंतर सांगितलं.

मागच्या पावसाळ्यात तो आला नाही. पाच तारीख गेली, दहा गेली. पंधराला ती आली. भिजलेल्या छत्रीचं पाणी माझ्या काउंटरवर गळत होतं. मी पासबुक मशीनमध्ये घातलं. एकही नवी ओळ आली नाही.

“या महिन्याचे नाई पडले का?” तिनं विचारलं.

“नाही, मावशी.”

तिनं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीची गाठ मारली, छत्री उचलली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

“बिमार हाये का तो?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

“आला त सांगजा,” ती म्हणाली, “दोन्ही महिन्याचे संगंच टाकाले. तूरडाळ लय म्हाग झाली हाये.”